लपलेली गाणी

“मी त्याले हात बी लावला नाई! कोनाचीही शपथ घ्यायले लावा!” पिंटूचा आवाज रडवेला झाला होता.

“हात नाही लावला तर गाणी काय पाय फुटून गेली?” खुशालकाका कडाडले. “काल सांजच्याला कम्प्युटरवर कोन बसलं होतं? तूच ना? गाड्या पळवून राहिला होता!”

“गाड्याच पळवल्या फक्त! पेनड्राइव्ह पाह्यला बी नाई मी!”

प्रतीक्षा दाराशीच थबकली. आदल्याच दिवशी ती अकोल्याहून वलगावला मामाकडे सुट्टीला आली होती. आठवीची परीक्षा झाली होती, पुस्तकं कपाटात गेली होती आणि आता भरपूर आंबे खायचे, असा तिचा साधा बेत होता. मामेभाऊ पिंटू सकाळी उठून विहाराच्या अभ्यासिकेत गेला, तो परत आलाच नाही, म्हणून ती शोधत आली. तर इथे हा प्रकार!

अभ्यासिका म्हणजे बुद्धविहाराला लागून असलेली एक लांबट खोली. भिंतीशी पुस्तकांची कपाटं, मधे टेबलं, कोपऱ्यात कूलर आणि त्याच्या वाऱ्याच्या सरळ रेषेत गावाने वर्गणी करून घेतलेला कम्प्युटर. खोलीची किल्ली आणि जबाबदारी खुशालकाकांकडे. माणूस मनाने चांगला, पण बोलणं म्हणजे फटाक्यांची माळ!

कम्प्युटरजवळच्या खुर्चीत नीलम बसली होती. पिंटूच्याच वर्गातली, एरवी सगळ्यांच्या वरताण बडबडणारी. आज मात्र नुसती पडद्याकडे बघत होती.

“काय झालं गं?” प्रतीक्षाने हळूच विचारलं.

“आजीची गाणी गेली,” नीलम म्हणाली.

मग तुकड्यातुकड्याने सगळं कळलं. नीलमची आजी, सुंदराबाई, म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला गळा. लग्न असो, जयंती असो, सुंदराबाईंचं गाणं झाल्याशिवाय मंडप उठत नसे. गाणी त्यांचीच, चालीही त्यांच्याच. शाळेत न गेलेल्या या बाईने शाळेवरच किती गाणी रचली होती! मध्यंतरी गावातल्याच आरतीताईने विहारात बसून ती सगळी आपल्या मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि पेनड्राइव्हवर भरून अभ्यासिकेला दिली. त्यानंतर सुंदराबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता त्या बोलत, तेही कुजबुजल्यासारखं. आरतीताईचा तो मोबाइलही कधीचाच बिघडून भंगारात गेला होता. म्हणजे सुंदराबाईंचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, त्या बोटभर पेनड्राइव्हमध्ये!

आणि आज बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी विहारासमोर सुंदराबाईंचा सत्कार होता आणि त्यांचीच गाणी लावायची होती.

“तुम्ही दुसरीकडे कॉपी नव्हती केली, काका?” प्रतीक्षाने विचारलं.

खुशालकाकांनी घसा खाकरला. “करू करू म्हनता राहून गेलं बाप्पा.”

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि अमोलदादा आत आला. शहरातल्या राजापेठेत त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. हेल्मेट काखेत धरूनच त्याने उभ्याउभ्या माउस हातात घेतला. पेनड्राइव्ह उघडला. आत ‘Gani’ नावाचा एकच आयकॉन होता आणि त्याच्या कोपऱ्यात बारीकसा बाण. त्यावर टिचकी मारली की पडद्यावर चूक दाखवणारी चौकट येई आणि बस्स, पुढे काही नाही.

“लपवलेल्या फायली दाखवा, इथं टिक करतो... नाई. काईच नाई. डिलीट झालं काका. पोट्ट्यायनं उडवलं असंन.”

“मी नाई!” पिंटू ओरडला.

“आता?” खुशालकाकांचा चेहरा उतरला.

“आता काय, फॉरमॅट मारतो, सगळं पुसून टाकतो, अन् दुसरी चांगली गानी भरून देतो. संध्याकाळी वाजवा बिनधास्त!”

नीलम ताडकन उभी राहिली. “दुसऱ्याची गाणी? आजीच्या सत्कारात?”

प्रतीक्षाचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. अमोलदादाने पडद्यावर मागची खिडकी उघडली होती. तिथे पेनड्राइव्हच्या नावाखाली एक आडवी पट्टी होती, आणि ती पट्टी जवळपास टोकापर्यंत लालभडक होती.

“दादा, ही पट्टी लाल म्हणजे पेनड्राइव्ह भरलेला आहे ना?”

“हो.”

“पण आत तर काहीच नाही! मग भरला कशाने?”

अमोलदादाने खांदे उडवले. “करप्ट झाला असंन. होते असं कधीकधी.”

रिकाम्या डब्याचं झाकण लागत नसेल, तर आपण डबा फेकून देतो की आत बघतो? प्रतीक्षाच्या मनात आलं, पण मोठ्यांसमोर ती ते बोलली नाही. एवढंच म्हणाली, “फॉरमॅट करायच्या आधी आम्ही थोडं बघू का? प्लीज, काका!”

“पोट्टे काय पाह्यतीन?” अमोलदादा हसला. पण त्याच वेळी मंडपातून हाक आली. साउंडवाल्याच्या मशिनीतून नुसती घरघर येत होती. अमोलदादाला तिकडे जावंच लागणार होतं.

“पाहू दे त्यायले तवरोक,” खुशालकाका म्हणाले. “पन काईच्या काई क्लिक करायचं नाई! समजलं?”

“एकही क्लिक करणार नाही, काका,” प्रतीक्षा गंभीरपणे म्हणाली.

दोघं बाहेर पडताच पिंटूने कपाळाला हात लावला. “क्लिक न करता कम्प्युटर काय मंतर म्हनून चालवतं व?”

“जवळजवळ तसंच,” प्रतीक्षा म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

अकोल्याला तिचा मोठा भाऊ नितेश इंजिनिअरिंगला होता. त्याने तिला टर्मिनल दाखवलं होतं. चित्र नाही, बटण नाही, नुसती काळी खिडकी. आपण टाइप करून कम्प्युटरला हुकूम द्यायचा आणि त्याने उत्तर द्यायचं. तिला ते भारी आवडलं होतं, पण तिला येणारे हुकूम एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिने नितेशदादाला फोन लावला. बंद! त्याचा पेपर होता.

“मग आपणच,” ती स्वतःशीच म्हणाली.

तिने कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबली, ‘terminal’ अशी अक्षरं लिहिली आणि एंटर मारलं. काळी खिडकी उघडली. त्यात एक ओळ आणि ओळीपुढे लुकलुकणारी बारीक रेघ.

“बापरे! हॅकिंग करून राहिली का तू?” पिंटूचे डोळे मोठे झाले.

“हॅकिंग नाही रे. ही रेघ दिसते ना, ती विचारते आहे, बोला, काय हुकूम?”

“अक्षरं किती बारीक!” नीलम म्हणाली.

प्रतीक्षाने कंट्रोल दाबून अधिकची खूण दाबली. अक्षरं टपोरी झाली. मग तिने लिहिलं, `E:`. ओळीच्या सुरुवातीला आता E आलं होतं.

“आता आपण पेनड्राइव्हमध्ये उभे आहोत. आणि हा हुकूम म्हणजे, इथे काय काय आहे ते दाखव.” तिने लिहिलं, `dir`.

एकच ओळ आली. तारीख, वेळ आणि पुढे ‘Gani.lnk’.

“हे शेपूट कायचं?” नीलमने बोट ठेवलं. “मघाशी तर नुसतं ‘Gani’ दिसत होतं!”

“म्हणजे हे फोल्डर नाहीच! हा शॉर्टकट आहे. नुसती पाटी! घराची पाटी आहे, घर दुसरीकडेच!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिला धागा हाती लागला होता!

“लपवलेलंसुद्धा दाखव, असं सांगायला पुढे आणखी काहीतरी लावायचं असतं...” प्रतीक्षाने डोळे मिटून आठवलं आणि लिहिलं, `dir /a`.

पडद्यावर लाल अक्षरांचा पाऊस पडला.

“बिघडलं! बिघडलं!” पिंटू दोन पावलं मागे सरला. “आता तर काका मले जिताच ठेवत नाई!”

“थांब रे! लाल म्हणजे बिघडलं नाही. त्याला आपलं बोलणं कळलं नाही, एवढंच.” असं म्हणाली खरी, पण तिचेही कान गरम झाले होते. नितेशदादाकडे तर हाच हुकूम चालला होता! मग इथे का नाही? तिने खिडकीच्या वरच्या कडेकडे पाहिलं. तिथे ‘पॉवरशेल’ असं लिहिलेलं होतं. आणि एकदम तिला दादाचं बोलणं आठवलं. टर्मिनल हे नुसतं घर आहे, आत भाडेकरू वेगवेगळे राहतात, आणि सगळ्यांची बोली एक नसते.

“आपण चुकीच्या माणसाशी बोलतोय!” ती म्हणाली. “तुम्ही मला ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणालात तर मला कळतं. पुण्याच्या माणसाला कळेल का? तसंच हे!”

वरच्या पट्टीवर अधिकच्या खुणेशेजारी खाली तोंड केलेला बाण होता. तो दाबताच यादी उघडली. त्यातला ‘कमांड प्रॉम्प्ट’ तिने निवडला. शेजारी दुसरा टॅब उघडला.

“क्लिक केलं! क्लिक केलं!” पिंटू ओरडला.

“हे काईच्या काई क्लिक नाई,” नीलमने त्याला गप्प केलं. “हे कामाचं हाय.”

पुन्हा `E:`. पुन्हा `dir /a`. एंटर!

या वेळी ओळी जास्त आल्या. आणि त्यांच्यामध्ये, शेपूटबिपूट काही नसलेलं, साधंसुधं नाव, ‘Gani’. त्याच्या अलीकडे `<DIR>`.

“फोल्डर!” प्रतीक्षा ओरडलीच. “नीलम, गाणी इथेच आहेत! गेलेलीच नाहीत!”

नीलमने दोन्ही हात तोंडावर धरले.

नेमक्या त्याच वेळी दारात पावलं वाजली. प्रतीक्षाने झटकन टर्मिनलची खिडकी खाली दडवली. बंद मात्र केली नाही.

“चला, द्या तो पेनड्राइव्ह,” अमोलदादा घाम पुसत म्हणाला. “माह्या लॅपटॉपवर फॉरमॅट करून आनतो, एका मिनिटाचं काम हाय.”

“दादा, पण गाणी...” नीलम म्हणायला लागली.

“गेली ती, बेटा. समजून घे.” त्याने माउस घेतला आणि पेनड्राइव्ह बाहेर काढायचा हुकूम दिला. लगेच पडद्यावर चौकट आली, हे साधन वापरात आहे, आत्ता काढता येणार नाही.

“वापरात? कोन वापरून राहिलं?” त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच! “तसाच उपटतो मग.”

“नको रे बा!” मागून आलेले खुशालकाका धावलेच. “मांगं तसाच उपटला होता तं एक जळला!”

अमोलदादाने डोकं खाजवलं. मंडपातून पुन्हा हाक आली. “बरं, तिकडचं आटपून येतो. मंग पाहू.” दोघं परत गेले.

“देवासारखी धावून आली ती चौकट!” पिंटू म्हणाला.

प्रतीक्षा गालात हसली. “देव नाही, मीच. टर्मिनल पेनड्राइव्हमध्ये जाऊन उभं आहे ना? घरात माणूस उभा असताना कोणी कुलूप लावतं का?”

पिंटूने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला जरा लाजल्यासारखंच झालं.

आता फोल्डर बाहेर कसं काढायचं? ‘attrib’ नावाचा एक हुकूम असतो, एवढं तिला अंधुक आठवत होतं. पुढचं नाही. पण न आठवलं तर काय करायचं, ते आठवत होतं. हुकूम लिहायचा आणि पुढे तिरपी रेघ देऊन प्रश्नचिन्ह टाकायचं. मग तो हुकूम स्वतःच स्वतःची माहिती सांगतो! तिने तसं केलं. इंग्रजी ओळी सरसर आल्या. तिघं डोकी जोडून वाचू लागली.

“अधिकची खूण म्हणजे लावणं, वजाची म्हणजे काढणं,” नीलम अडखळत वाचत होती. “एच म्हणजे हिडन, लपलेलं. एस म्हणजे सिस्टीम.”

प्रतीक्षाने `attrib Gani` लिहून पाहिलं. उत्तरात नावाच्या आधी दोन अक्षरं आली, S आणि H.

“लपवायचं अक्षर एच ना? मग तेच काढ,” पिंटू म्हणाला.

तिने लिहिलं, `attrib -h Gani`. उत्तर आलं, ‘नॉट रिसेटिंग सिस्टीम फाइल’. म्हणजे सिस्टीमची फाइल आहे, हात लावणार नाही!

“मग आधी एस काढू.” `attrib -s Gani`. आता उत्तर, ‘नॉट रिसेटिंग हिडन फाइल’. लपलेली फाइल आहे, हात लावणार नाही!

“अरे, हे काय! याला विचारलं तर त्याच्याकडे बोट, त्याला विचारलं तर याच्याकडे!” प्रतीक्षा वैतागली. बाहेर ‘हॅलो, चेक, हॅलो’ सुरू झालं होतं. म्हणजे साउंड नीट झाला होता. अमोलदादा कुठल्याही क्षणी आला असता. तिने पुन्हा पहिला हुकूम दिला. पुन्हा तेच उत्तर. तिची बोटं थबकली.

नीलम पडद्याकडे एकटक पाहत होती. मग हळूच म्हणाली, “प्रतीक्षा, गावात दोन भाऊ भांडले न, तं एकाले बलावलं की तो म्हनते, पह्यले त्याले आना. त्याले बलावलं की तो म्हनते, पह्यले याले आना. मंग माही आजी काय करते मालूम? दोघायलेही एकसंगच बलावते!”

प्रतीक्षाने तिच्याकडे पाहिलं. मग कीबोर्डकडे. वर जाणारा बाण दाबला, तसा मागचा हुकूम आपोआप परत आला. त्यात तिने एवढीच भर घातली.

`attrib -s -h Gani`

एंटर. काहीच झालं नाही! लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही, उत्तरही नाही. रेघ नुसती लुकलुकत होती.

“फसलं?” पिंटूने श्वास रोखला.

“तक्रार नाही म्हणजे काम झालं.” तिने पेनड्राइव्हची खिडकी उघडली. तिथे, बाणवाल्या खोट्या पाटीशेजारी, पिवळं धम्मक फोल्डर बसलं होतं. आत गाण्यांमागून गाणी!

नीलमने सर्वांत वरचं गाणं लावलं. आधी नुसती खरखर, मग खोकल्याचा आवाज, आणि मग भरदार, मोकळा, उंच जाणारा गळा.

*वाट शाळेची उन्हाची, पाय पोळले माय गं,*
*अक्षर घेतल्याबिगर मी, परतत नाय गं...*

नीलमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. प्रतीक्षाने मात्र आधी सगळं फोल्डर कम्प्युटरवर कॉपी करायला टाकलं. ‘करू करू’ म्हणून ठेवायचं नाही, हे तिने सकाळीच ठरवलं होतं!

गाणं ऐकून दोघं मोठे धावतच आत आले. खुशालकाका दारात खिळूनच राहिले.

“कुठी सापडली?”

“इथंच होती, काका. कोणी उडवलीच नव्हती. व्हायरसने लपवली होती आणि जागेवर खोटी पाटी ठोकली होती,” प्रतीक्षा म्हणाली.

“पन व्हायरस आला कुठून? या पिंट्यानंच गेमबिम...”

“थांबा!” या वेळी पिंटू पुढे झाला. टर्मिनलमधल्या त्या शेपूटवाल्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. “ही खोटी पाटी ज्या दिवशी ठोकली, त्याची तारीख अठी लिहून हाय. पाहा! गेल्या बुधवारची! मी काल बसलो होतो कम्प्युटरवर. अन् बुधवारी तं मी आईबाबासंग तिवस्याले लग्नात होतो! मंग बुधवारी पेनड्राइव्ह कोनाजवळ होता?”

खुशालकाकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग कोपऱ्यात ठेवलेल्या सत्काराच्या फलकाकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे.

“माह्याजवळ,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा फलक छापायले राजापेठेत गेलो होतो. दुकानदारानं फोटो मांगितला, तं हाच पेनड्राइव्ह देल्ला त्याले. वापस आल्यावर अठी लावला, तवा लाल चौकट आली होती खरी काईतरी.”

“काय लिहिलं होतं तिच्यात?” अमोलदादाने विचारलं.

“कोन वाचते? अशी चौकट आली का मी फुलीच मारतो!”

अमोलदादा हसणारच होता. तेवढ्यात त्याला आठवलं, की फॉरमॅट तर आपणच करायला निघालो होतो. त्याचं हसू तिथेच विरलं. तो खाली बसला आणि पडद्यावरच्या ओळी एकेक करून नीट वाचू लागला. “दोन्ही अक्षरं होती,” तो पुटपुटला. “म्हनून टिक करूनही दिसली नाई. मी पट्टी पाह्यली होती व पोरी, पन पाह्यली नाई.” मग त्याने आपणहून व्हायरसची तपासणी लावली, ती खोटी पाटी पुसली आणि गाण्यांची आणखी एक प्रत आपल्या लॅपटॉपवर घेतली.

खुशालकाका पिंटूजवळ गेले. फटाक्यांच्या माळेला आज वातच सापडत नव्हती. शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चुकलो बेटा. न पाहता बोललो. सगळ्यायसमोर बोललो, तं सगळ्यायसमोरच सांगीन.”

आणि त्यांनी सांगितलं! संध्याकाळी विहारासमोर गाव जमलं. ऊन उतरलं होतं. खिरीचा वास सुटला होता. पांढरी साडी नेसून, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून सुंदराबाई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. खुशालकाकांनी माइकवर स्वतःची चूक सांगितली, पिंटूचं नाव घेतलं, मग नीलमचं, मग ‘अकोल्याची आपली भाची’ म्हणून प्रतीक्षाचं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मामा तर उभा राहूनच टाळ्या वाजवत होता.

मग गाणं लागलं.

स्वतःचाच आवाज कानावर पडताच सुंदराबाई दचकल्या. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, जणू दुसरंच कोणी गात होतं. हळूहळू त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरू लागला. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या जाईबाईंनी सूर मिळवला, मग त्यांच्या शेजारणीने, आणि बघता बघता सगळ्या बाया गाऊ लागल्या. सुंदराबाई हाताने त्यांना खुणावत होत्या, इथे वर, इथे थांबा, आता घ्या! गळा नव्हता, पण गाणं त्यांच्याच हातात होतं.

गाणी संपल्यावर त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. नीलमच्या कानाशी लागून त्या बराच वेळ काहीतरी कुजबुजल्या. सगळा मंडप कान टवकारून बसला.

“काय म्हणतात?” प्रतीक्षाने विचारलं.

नीलमला हसू आवरेना. “आजी म्हनते, तिसऱ्या गाण्यात माहा सूर घसरला हाय. ते लपलेलंच राहू द्यायचं होतं!”

मंडप खो खो हसला. सुंदराबाईसुद्धा हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यांनी प्रतीक्षाचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या गालाशी नेला आणि या वेळी निरोप्या न ठेवता, त्या फाटक्या, कुजबुजत्या आवाजात स्वतःच म्हणाल्या,

“लय हुशार हायेस व माय. आता बस, अन् पोटभर खीर खा.”